मुराळ्याचा अर्ज

सिंदी (रेल्वे),
१२ ऑगस्ट १९५७

चि. सौ. मीरास नरहरदादाचे आशीर्वाद.

रंगूनहून पाठवलेलं तुझं पत्र परवा पोचलं. आईचा ताप उतरला आहे. सुनेच्या स्वयंपाकाला पुन्हा नावं ठेवू लागली आहे, म्हणजे तब्येत सुधारते आहे असं समज.

तू गेल्यापासून वर्ध्याची पोलीस कचेरी डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्या गावात तू मॅट्रिक झालीस, तिथे परदेशी लोकांच्या वहीत तुझं नाव चढलं. राष्ट्रीयत्व विचारलं तेव्हा मी खाली बघितलं. तू मात्र सरळ सांगितलंस, "ब्रह्मदेश. जन्म सिंदीचा." मला तुझा फार अभिमान वाटला.

महिन्याचा व्हिसा संपत आला, आई तापाने फणफणलेली, आणि मुदत वाढून मिळेना. आर्वीला आत्याकडे जाऊन राहा, कोण विचारतं, असं मी सुचवलं. सरकारी कारकून असून. तू म्हणालीस, "दादा, आज लपून राह्यली तर उद्या उजळ माथ्यानं येता येनार नाई मले." आईचे पाय चेपलेस आणि ठरल्या गाडीने गेलीस. एवढी हिंमत माझ्यात नाही.

आता लिहायचं ते लिहितो. हरिभाऊंनी दवाखान्यासाठी तिकडचं नागरिकत्व घेतलं, तेव्हा नवऱ्याबरोबर तूही घे, असं मीच कळवलं होतं. 'कागदच तो, माहेर थोडंच बदलतं' हे माझेच शब्द. तू एकदाही ते बोलून दाखवले नाहीस. मीरा, माझं चुकलं.

मुलांच्या परीक्षेसाठी गेलीस असं मी आईला सांगितलं होतं. काल ती म्हणाली, "पोरगी रागावली काय माह्यावर?" मग सगळं सांगून टाकलं.

"कागद लागते तर काढ," ती म्हणाली. "पन लेकीले आनाले मुराळी गेला पायजे. लग्न झाल्यापासून एकदा तरी गेलता काय तू?"

गेलो नव्हतो. दिवाळीला बहिणीला आणायला भावाने जायचं, पण बोटीचा प्रवास म्हणून मी दरवर्षी टाळलं.

आज पासपोर्टचा अर्ज दिला. तो आला की तुमच्या देशाचा व्हिसा मागेन. तूही इकडचा व्हिसा आत्ताच मागून ठेव. प्रवासाच्या कारणापुढे 'खाजगी' लिहा, असं कचेरीतले बंडूजी म्हणाले. मी लिहिलं, 'धाकट्या बहिणीला माहेरी आणणे.'

तुझ्या दारी येण्याच्या परवानगीची वाट पाहणारा,
दादा