तुमच्या छपरावरच्या बर्फाविषयी खुलासा

ओकुसावा, ९ फेब्रुवारी

ती. फुमीए मावशींना,

तोवाकोचा नमस्कार. पत्रातून वाकता येत नाही, म्हणून लिहायला बसण्यापूर्वी नागाओकाकडे तोंड करून वाकून घेतलं आहे. (मधे डोंगर आहे, पण दिशा नकाशावर तपासली होती.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? सेइगोदादांच्या नवव्या मजल्यावरच्या घरात जमीन खालून गरम असते आणि त्यामुळे तुम्ही आणि मांजर दोघीही दिवसभर जागच्या हलत नाही, असं त्यांनी कळवलं. ऐकून बरं वाटलं. इथली सगळी मंडळी ठीक आहेत. तुमचं घरही ठीक आहे. त्याविषयी सविस्तर पुढे येईल, पण ‘ठीक’ हा शब्द मनात धरून वाचावं.

तुम्ही नोव्हेंबरात गेलात आणि या वर्षी बर्फही वेळेवर आला नाही. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं कुराझो-सान म्हणतात. मी म्हणत नाही. गावकचेरीने मला बर्फ मोजायला नेमलं आहे, आणि डिसेंबरभर मी रोज सकाळी सात वाजता खांबापाशी जाऊन शून्य मोजलं. (शून्यही नीट मोजावं लागतं.) अडचण अशी की त्या सहलवाल्यांच्या माहितीपत्रकावर अजून तुमचाच फोटो आहे: ‘फुमीए-सान, वय ७८, एकट्या राहतात. त्यांच्या छपरावरचा बर्फ उतरवायला या!’ ३० जानेवारीला ओकिनावाहून सोळा पाहुणे येणार होते आणि त्यांच्याबरोबर कंपनीच्या तामायोसेबाई, वही घेऊन. बाईंना कार्यक्रम पटला नाही तर पुढच्या हिवाळ्यापासून आपलं गाव यादीतून जाणार. गाव यादीतून गेलं की पाहुण्यांसाठी म्हणून चालणारी मिनिबस बंद, आणि मग अकरा घरं डिसेंबर ते मार्च आहेत तिथे. तोमेको आजींना जावं लागतं तो दवाखाना तेवीस किलोमीटरवर आहे. पाहुण्यांना बर्फ मिळेल असं लेखी मीच दिलं होतं.

२९ तारखेला दुपारी बर्फ सुरू झाला. संध्याकाळपर्यंत बासष्ट सेंटिमीटर. मी अकराही घरी स्वतः जाऊन सांगितलं, की उद्या कोणीही बर्फाला हात लावायचा नाही, हा बर्फ पाहुण्यांचा आहे. सगळ्यांनी मान डोलावली. कुराझो-सान तर म्हणाले, “अगं, आम्हाला काय आवड आहे का?” सकाळी सहाला मी बाहेर आले तर गाव लख्ख झाडलेलं होतं. अकरा अंगणं, अकरा छपरं, देवळाच्या पायऱ्या. कोणी ठरवून केलं नव्हतं. पाचला जाग आली, बर्फ दिसला, हातात फावडं आलं. मधे विचार असा झालाच नाही. मी विचारलं तेव्हा प्रत्येकाचं म्हणणं असं पडलं, की बाकीच्यांनी हात लावायचा नाही असंच मी सांगितलं होतं. तुमचं रिकामं घर तरी वाचायला हवं होतं, पण तिथे तोमेको आजी शिडीवरून उतरत होत्या. “फुमीए परगावी आहे, तिचं कोण करणार?” असं म्हणाल्या. छपराचा पत्रा त्यांनी कोरडा पुसलाही होता.

पाहुणे अकराला येणार होते. हाताशी पाच तास आणि सात पुरुष (सरासरी वय शहात्तर). तुमच्या पुढच्या पाख्यापुरता बर्फ परत चढवायचा म्हणजे साधारण अडीच टन. मी त्यांना आकडा सांगितला नाही. बादल्यांची रांग लावली. दहापर्यंत बर्फ वर गेला, पण तो बर्फासारखा दिसत नव्हता, कोणीतरी टाकून दिल्यासारखा दिसत होता. तेव्हा कुराझो-सान घरून गिलाव्याची थापी घेऊन आले. पन्नास वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. त्यांनी सगळं पाखं असं घोटलं, की कडा टोफूसारख्या काटकोनात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बर्फ असा पडत नाही. “मग बर्फाला शिकू दे,” ते म्हणाले.

फुमीए-सान व्हायला तोमेको आजी तयार झाल्या होत्या. त्यांना काम एकच होतं: वळचणीखाली घोंगडं पांघरून बसायचं आणि अधूनमधून कण्हायचं. पाहुणे आले, वाकले, छपराच्या कडा पाहून हळूच ‘वा’ म्हणाले (त्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता, हे आपलं नशीब) आणि शिडीने वर चढले. एकाने खिशातून माहितीपत्रक काढून दाखवलं, की त्यावरच्या बाई वेगळ्या दिसतात. कुराझो-सान म्हणाले, “थंडीने चेहरा आक्रसतो. मे महिन्यात येतो परत.” पाहुण्याने माफी मागितली.

पाहुण्यांना फावडं धरता येत नव्हतं. चहात साखर घालावी तसे ते बर्फ उचलत होते. तोमेको आजींनी अकरा मिनिटं सोसलं. (माझ्या हातावर घड्याळ होतं.) मग घोंगडं उडालं. “अहो, बर्फ काढताय की बाळाला न्हाऊ घालताय? द्या इकडे!” चौऱ्याऐंशी वर्षांच्या एकट्या, असहाय आजी शिडीच्या दोन-दोन पायऱ्या घेत वर गेल्या आणि सोळा जणांना कडेला उभं करून चाळीस मिनिटांत छप्पर रिकामं केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तामायोसेबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

आता वाजले होते बारा, आणि कार्यक्रम होता चारपर्यंत. मी पाहुण्यांना जेवायला सभागृहात नेलं, आणि डोळ्यांनीच सात पुरुषांना सांगितलं की पुन्हा. पण कंदमुळांची उकड पाहुण्यांना इतकी आवडली की ती अंदाजापेक्षा पंधरा मिनिटं आधीच संपली. परत आलो तेव्हा रांग चालू होती, बादल्या वर जात होत्या, आणि कुराझो-सान छपरावर थापी मारत होते. सगळे थांबले. अखेर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी अदबीने विचारलं, की ही इथली प्रथा आहे का. कुराझो-सान वरूनच म्हणाले, “हो. जेवणानंतर घराला पांघरूण घालतो. नाहीतर घराला थंडी वाजते.” तामायोसेबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी तांत्रिक व्यक्ती. मावशी, बर्फात हवा कोंडलेली असते आणि ती उष्णता अडवते, हे खरं आहे. मी खोटं बोलत नाही. मी होकारार्थी मान हलवली.

त्यानंतर जे झालं ते मला थांबवता आलं नाही. सोळा जणांनी जाड कोट काढले. बर्फ उतरवण्यात त्यांना जी गती नव्हती ती चढवण्यात निघाली. तुमच्या अंगणातला संपल्यावर त्यांनी शेजारून आणला, मग देवळातून, मग मिनिबस पाठवून वरच्या वळणावरून. मुख्याध्यापकांनी आपला मफलर धुराड्याला गुंडाळला. मी दोनदा म्हटलं, आता पुरे. त्यावर तोमेको आजी, भूमिका आताच सापडल्यासारख्या, वळचणीखालून क्षीण आवाजात म्हणाल्या, “माझ्या घराला अजून हुडहुडी भरतेय हो.” दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बादल्यांचा वेग वाढला. तुमचं छप्पर चौरस मीटरला नऊशे किलो सोसतं, पण वजन सगळीकडे सारखं हवं, आणि पाहुण्यांचे हात वळचणीपर्यंतच पोचत होते. मी आकडेमोड संपवली त्याच सुमारास वळचणीनेही तिची संपवली.

निकाल: तामायोसेबाईंच्या मते सगळ्या देशात बर्फ उतरवतात, चढवणारं गाव हे एकच. पुढच्या हिवाळ्यात तीन तुकड्या, अठ्ठेचाळीस पाहुणे. मिनिबस राहिली. गावकचेरीत माझं अभिनंदन झालं. मी ते उभ्याने स्वीकारलं.

गुडघ्याला जपा. मांजरालाही विचारलं म्हणून सांगा.

तुमची भाची,
तोवाको

ता. क. – उत्तरेकडची वळचण अकरा सेंटिमीटर खाली आली आहे. त्यामुळे स्वयंपाकघराचं दार उघडत नाही, आणि लोणच्याचा रांजण आत आहे. वळचणीखेरीज उरलेलं छप्पर उत्तम स्थितीत आहे. दुरुस्ती एप्रिलमध्ये कुराझो-सान करणार आहेत. काटकोनात.

ता. क. २ – पाहुण्यांना पुढच्या वेळी फुमीए-सानच्या घरीच राहायचं आहे, त्यांच्या हातचं लोणचं खायचं आहे, आणि आक्रसलेला चेहरा मूळ पदावर आलेला पाहायचा आहे. तोमेको आजींनी नकार दिला. नुसतं बसून त्यांची पाठ धरली, आणि फुमीएसारखं आळशी दिसणं आपल्याला जमणार नाही असं त्यांचं म्हणणं आहे. (त्यांनी रोज संध्याकाळी तुमच्या अंगणात जाऊन भांडायला कोणी नाही हे पाहून परत यायचं चालू ठेवलं आहे.) तेव्हा विनंती अशी, की आपण डिसेंबर ते मार्च इथे येऊन एकटं राहावं. जमीन गरम करून द्यायची जबाबदारी माझी. नळ्यांचा आराखडा सोबत जोडला आहे. छपरावर तुम्हाला चढावं लागणार नाही. कण्हणं ऐच्छिक.

ता. क. ३ – एकटं म्हणजे अगदी एकटं नव्हे. आराखड्यात दुसऱ्या खोलीलाही नळ्या दाखवल्या आहेत. गावकचेरीने दिलेल्या माझ्या खोलीत ओल आहे. कारण एवढंच आहे. तुमचा होकार आला तर दुपारी दोन चाळीसच्या मिनिबसने यावं. मी थांब्यावर येईन असं नाही, पण त्या वेळी माझं मोजमाप तिथेच चालू असतं. बर्फ नसला तरी.