पडद्याआडून घेतलेला ताबा

म्हैसूर, मार्गशीर्ष वद्य तृतीया

तीर्थरूप वेंकोजीदादांच्या पायांशी धाकट्या नर्मदेचा दंडवत. आम्ही सगळे ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचं आणि वहिनींच्या दम्याचं वर्तमान सरगूरहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. (तीन वर्षांत तुमची एक ओळ नाही, म्हणून परक्यांना विचारावं लागतं.)

आबांनी नरसीपूरची जमीन आपल्या दोघांत वाटली, त्यातलं माझं शेत विहिरीच्या तगाईपायी सरकारजमा झालं होतं. तगाई फिटली, तेव्हा सोमवारी ताबा घ्यायला बोलावलं. रीत अशी, की मालकाने आपल्या शेतात पंचांसमोर शानभोगाच्या, म्हणजे गावच्या कुलकर्ण्याच्या, हातून मातीचं ढेकूळ घ्यायचं. आता आपल्या घरची बाई पंचांसमोर कशी उभी राहणार? (पंचेचाळिशीतल्या बाईकडे कोण बघतंय, हे बोलायची सोय नाही.) म्हणून इकडून पडद्याची गाडी ठरली. बैल दमलेले, त्यांनी आपण होऊन चिंचेची सावली गाठली. मागोमाग इकडची स्वारी आली, पंचही आले. शानभोग गावात नवा. ‘अम्मावरे, हात बाहेर काढा.’ मी काढला. ढेकूळ हाती आलं तशी म्हटलं, ‘आणखी एक द्या, तुळशीला होईल.’ ‘सरकार एकच देतं, अम्मावरे. आयितु, झालं.’ मग मी आत बसून रडले, आणि इकडून बाहेरून विचारणा झाली, पोटात दुखतंय का.

घरी येऊन कागद वाचला. दादा, ती चिंच तुमच्या शेतातली. शानभोगाने समोरच्या दगडावरचा नंबर लिहून घेतला. त्यामुळे तुमचं शेत आता माझं झालं आहे, आणि माझं अजून सरकारचं. अमावास्येनंतर त्याचा लिलाव आहे. मी अर्ज केला. अमलदारांनी कळवलं, की जिला जमीन मिळाली तिची तक्रार चालत नाही. ज्याची गेली त्याने समक्ष येऊन करावी.

जप्तीच्या वेळी मी म्हटलं होतं, तुमचा माझ्या शेतावर डोळा आहे. ते बोलायला नको होतं.

आपली, नर्मदा

ता. क. तरी अमावास्येच्या आत येऊन माझ्यावर तक्रार करावी. भाषा कडक असावी.

ता. क. उतरायचं आमच्याकडेच. जेवून, एकाच गाडीतून कचेरीत जाऊ. वहिनींनाही आणावं.

ता. क. तुमचे हुलगे काढणीला आलेत. न आलात तर मी काढीन. कागद माझ्याकडे आहे.

ता. क. खोटं लिहून चैन पडत नाही. ‘समक्ष’ हे अमलदारांनी लिहिलेलं नाही, मी घातलं. तक्रार टपालानेही चालते. तरी या.