गोल भोकांचा तपास

ती. मामांस साष्टांग नमस्कार (तुमचा गुडघा दुखतो, म्हणून उठबस दोघांच्या वतीने मीच केली). मामी बऱ्या आहेत ना?

माझं म्हणाल, तर गेल्या मंगळवारी सकाळी मी गुलाबाचं एक पान उलटलं आणि सगळंच उलटलं. कॉलेज सोडल्यापासून मागचं अंगण मी किडे-पाखरांसाठी रान वाढू देऊन मोकळं सोडलंय (बाबा त्याला ‘आळशाचं अभयारण्य’ म्हणतात). तर त्या पानाच्या कडेला गोल काप! बटणाएवढा, कंपासने आखावा तसा. बुधवारी अकरा पानं. आता असं गोल कापणारा हात आमच्या गल्लीत एकच, शेजारचे शिंपीकाका. त्यांच्या मुलीकडे मी बघतो, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे ही मला धमकीच! माझं डोकं तापलं (ते किती लवकर तापतं, तुम्ही जाणताच). तडक दुकानात जाऊन म्हटलं, “काका, कात्री दाखवा!” ते म्हणाले, “लेका, इथे गिऱ्हाइकांची मापं खोळंबलीत, तुझी पानं कधी बेतू?”

संध्याकाळी पाचला त्यांची मुलगी आमच्या अंगणात हजर. ती कीटकशास्त्र शिकते. “बाबांना चोर म्हणालात? या इकडे, चोरीण दाखवते.” बघतो तर एक करडी माशी पानाचा गोल तुकडा कापून, पोटाशी सुरळी धरून फुटक्या पायपात शिरली! मधमाशीचीच जात म्हणे. पिल्लांच्या खोल्या पानांनी मढवते.

तेव्हापासून काकांची मुलगी रोज पाचला येते. पण मामा, कुणासाठी? काल तिने दारातच विचारलं, “आहे का?” मी म्हटलं, “आहे ना, समोरच उभा आहे.” तर म्हणते, “माशी हो!” मला त्या माशीचा दाट संशय येतो. तेव्हा आजपासून मी त्या मुलीला तोंड दाखवणार नाही, हे नक्की.

तुमचा,
भाचा

ता. क. तिने विचारलं, “कितव्या वर्षाला?” तोंडातून निघून गेलं, “दुसऱ्या.” तुम्ही आमच्या कॉलेजात हेडक्लार्क. सोबत अर्ज जोडलाय, तेवढं दुसरं वर्ष खरं करा. ज्यांच्याशी भांडून कॉलेज सोडलं, त्या सरांची माफी मागायला तयार आहे (त्यांच्या टेबलावर वही आपटली होती, अंगावर नव्हे).

ता. क. २. पाच वाजले. अंगणातून हाक आली, “अहो दुसरं वर्ष, भिंग आणा!” या स्वरात काहीतरी काळंबेरं आहे. त्यात बाबा चहा संपवून, ‘बघू तुझं अभयारण्य’ म्हणत चपला शोधताहेत. ते बाहेर आले की दोन वाक्यांत माझं पहिलं वर्षसुद्धा उरणार नाही. पत्र खिशात घालतो, भिंग घेतो. निघालो, जाताना दाराला बाहेरून कडी लावतो.