देवघरातला दुसरा दिवा

जे. पी. नगर, बेंगळुरू
गुरुवार

ती. शालनअक्कास,

शरच्चंद्राचा वाकून नमस्कार. (कंबर आता वाकते.) तुझा ऑपरेशन झालेला गुडघा कसा आहे? दाजी सकाळी तुला चालवतात, की नुसते खुर्चीत बसून सूचना करतात? तुझी भावजय शुभदा मजेत आहे. मीही मजेत, असं लिहायला हात धजत नाही. पत्र एवढ्यासाठीच लिहितोय की फोनवर मी खोटं फार सफाईने बोलतो.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भाग्यलक्ष्मी अक्कांनी (तुझा नंबर त्यांना शुभदाने दिला, मी नव्हे) तुला कळवलं की तुझा भाऊ रोज सकाळी देवघराशी अर्धा तास निश्चल बसतो आणि त्याच्या चेहऱ्यावर तेज दिसतं. तेज दिसतं हे खरं आहे. ते दिव्याचं आहे. पाटाएवढा, पांढराफेक विजेचा दिवा, आणि तो देवघराच्या कोपऱ्यात आहे, कारण हॉलमधला धड चालणारा प्लग तेवढाच. माझ्या मांडीवर पेपरातलं क्रिकेटचं पान असतं, ते त्यांच्या दारातून दिसत नाही.

त्यात एकदा तळमजल्यावरचे भीमाचार्य सोसायटीच्या कामाला आले आणि मला तसा बसलेला पाहून चपला काढून, हात जोडून उभे राहिले. मी खरं सांगणारच होतो. पण माणूस सत्तरीचा, आणि माझ्याकडे इतक्या आदराने बऱ्याच दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. (त्या दिव्यासमोर डोळे उघडे ठेवायचे असतात, म्हणजे त्या दिवसाचा उपचारही वाया.) मग उगादीच्या कार्यक्रमात ‘स्वल्प मार्गदर्शन माडी, सर’ (थोडं मार्गदर्शन करा) म्हणून त्यांनी मला सोसायटीतल्या पोरांसमोर उभं केलं. विषय निर्व्यसनी जीवन. अक्का, मी बोललो. चांगलं बोललो. शुभदा मागच्या रांगेतून उठून घरी गेली.

तर तो दिवा औषधाचा आहे. कंबरेच्या ऑपरेशननंतर मला दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या होत्या, अफूच्या जातीच्या. कंबर केव्हाच बरी झाली, मी मात्र गोळ्या घेतच राहिलो. ऑफिसला जाताना इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसमध्ये तोंड खिडकीकडे करून गोळी गिळायचो. आता डॉक्टर धनलक्ष्मींकडे जातो. खरा इलाज म्हणजे त्यांची औषधं आणि दर आठवड्याला त्यांच्यासमोर बसून बोलणं. दिवा आपला जोडीला, झोप आणि मन जरा ताळ्यावर यावं म्हणून. फायदा होईलच अशी हमी त्यांनी दिलेली नाही. निदान वेळेवर उठाल, म्हणाल्या. उठतो.

मला फार लाज वाटते. भीमाचार्य जिन्यात भेटले की मी खिशात मोबाइल शोधत राहतो. पण त्यांच्यापेक्षा तुझी जास्त वाटते, कारण तू फोनवर रडलीस, आई असती तर तिला किती बरं वाटलं असतं म्हणालीस, आणि मी ‘हो’ म्हणालो.

दाजींना नमस्कार. त्यांना यातलं काय सांगायचं ते तू ठरव. काहीच सांगू नये असं माझं मत आहे.

तुझा,
शरच्चंद्र

ता. क. येताना बेळगावचा कुंदा आण. त्याला डॉक्टरांची मनाई नाही.

आणखी ता. क. तू म्हणालीस, इथे राहायला आलीस की गुडघ्याच्या गोळ्या माझ्याच ताब्यात देणार, कारण मी आता नेमाचा माणूस. त्या त्याच जातीच्या आहेत. किती आणणार आहेस, हे मी दोनदा विचारलं ते तुझ्या काळजीपोटी नव्हे. आल्याबरोबर त्या शुभदाकडे दे, ती कुलपात ठेवेल. किल्ली कुठे असते ते माझ्यासमोर बोलू नका.

शेवटचं. हे पत्र पोचायच्या सुमारास मी तुला फोन करेन आणि सगळं गमतीत लिहिलं होतं म्हणून सांगेन. खूप हसेन. तूही हवं तर हस, पण गोळ्या शुभदाकडेच दे.