टिटवीसाठी दरवाजा उघडू नये

प्रति,
मा. दरवाजा अधिकारी,
तटबंदी कार्यालय, दक्षिण बाजू.

विषय : उद्या सकाळच्या प्रार्थनेनंतर दरवाजा न उघडण्याबाबत.
संदर्भ : १) दरवाजा उघडावा म्हणून अर्जदाराने वारंवार केलेले अर्ज. २) ते मंजूर केल्याचा आपला आजचा आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर अर्जदार मुखपट्टी विभागात शिवणकाम करते, वय सतरा. अर्ज मंजूर केल्याबद्दल ती आपली ऋणी आहे. तो आदेश कृपया रद्द व्हावा. अर्जदाराचे डोके फिरले आहे असे आपणांस वाटेल. घरातही तसेच वाटते आहे.

१. राख पडू लागल्यापासून तिच्यात गुदमरून मेलेली माणसे उठून तटाशी येतात आणि ओळखीच्या आवाजात हाका मारतात, हे आपण जाणताच. म्हणून बाहेरून येणाऱ्याने दरवाजाशी उभे राहून संध्याकाळची प्रार्थना म्हणावी, अडखळला तो मेलेला, असा नियम प्रार्थनाप्रमुखांनी घातला. त्यांचा हेतू चांगलाच असेल.

२. पंपावर काम करणारी मुलगी, जिच्या तोंडाचा पट्टा सतत चालू असल्यामुळे तिला सगळे टिटवी म्हणत, आणि अर्जदार अशा दोघी कापड वाळवण्याच्या माळ्यावर हातात हात घेतलेल्या सापडल्या. त्यांचे एकमेकींवर प्रेम होते व आहे. अर्जदाराची आई बायकांची प्रार्थना सांगते, त्यामुळे अर्जदाराचे रागावण्यावर निभावले. टिटवीला आईबाप नव्हते. तिला प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत कोंडून, आळीपाळीने डोक्यावर हात ठेवून, 'जे तुला नको, ते माझ्यात नको' ही तिसरी ओळ तिच्याकडून वदवून घेण्यात आली. घसा बसला तरी कोणी थांबले नाही. त्या बायकांत अर्जदाराची आई होती. ती घरी येऊन म्हणाली, "पोरीच्या भल्यासाठीच केलं गं. कळेल तुला पुढे." अर्जदाराला अजून कळलेले नाही. तेव्हापासून त्या ओळीपाशी टिटवी अडखळू लागली.

३. पुढे नळदुरुस्तीसाठी टिटवीसह बाहेर गेलेली माणसे राखेच्या वावटळीत सापडली. बाकीचे परतले आणि प्रार्थना म्हणून आत आले. टिटवी लंगडत मागून आली आणि तिसऱ्या ओळीवर अडली. नियमाने ती मेलेली ठरली. अर्जदार तटाच्या मोरीतून तिला खायला देई व तिचा हात धरून बसे. हात गरम होता. हे जिवंतपणाचा पुरावा म्हणून लेखी कळवले असता, तो हात अर्जदाराने धरणे हाच मूळ अपराध असल्याने पुरावा ग्राह्य धरता येत नाही, असे आपल्या कार्यालयाने कळवले. नंतर मोरी विटांनी बुजवण्यात आली. काही दिवस विटांपलीकडून खोकला ऐकू येई. मग तोही थांबला. अर्जदार तरी तिथेच कान लावून बसत असे, आणि तिला उठवायलाही कोणी आले नाही.

४. काल संध्याकाळी दरवाजाशी टिटवीचा आवाज आला. तिने प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. तिसऱ्या ओळीवर ती अडली नाही. तटावरची माणसे आनंदाने रडली. माळ्यावरच्या त्या प्रकारानंतर पहिल्यांदाच आईने अर्जदाराला पोटाशी धरले आणि म्हणाली, "बघ, देव पावला. बरी झाली तुझी टिटवी." या कुशीसाठी अर्जदार किती झुरली होती, हे ती लपवत नाही. तरी ती त्या कुशीतून सुटून तटाच्या कडेशी गेली.

५. अर्जदाराने वरून विचारले, पाय दुखतो का गं? खालून प्रार्थना आली. भूक लागली का? प्रार्थना आली. मी कोण, ओळखलंस? पुन्हा तीच. एका प्रश्नाला दहा उत्तरे देणारी पोर ती. मेलेले रोज संध्याकाळी तटापलीकडे उभे राहून आपली प्रार्थना ऐकतात. ऐकून ऐकून एव्हाना ती त्यांना पाठ झाली आहे. अडखळत होती, तोवर टिटवी जिवंत होती.

तरी विनंती की, दरवाजा उघडू नये. स्वागताला लहान मुलांना पुढे उभे करण्याचा बेत तर मुळीच करू नये. दिलेला आदेश फिरवणे कार्यालयाच्या इभ्रतीला शोभत नसेल, तर आधी एकट्या अर्जदाराला बाजूच्या लहान दारातून बाहेर सोडावे व दार लावून घ्यावे. ती टिटवीचा हात धरून पाहील. त्यानंतर अर्जदाराला नियमाप्रमाणे प्रार्थना म्हणायला लावावी. तिसरी ओळ अर्जदारालाही म्हणता येत नाही. त्या खोलीच्या बंद दाराबाहेर उभी राहून तिने ती ऐकली आहे. सर्वांबरोबर म्हणताना ती त्या ओळीला नुसते ओठ हलवते.

अर्जदार अडखळली, तर तिला आत घ्यावे, आणि तिच्या हातात हात असेल तर दोघींना. न अडखळता म्हणाली, तर आईला दरवाजापासून लांब न्यावे. ती उघडा म्हणून रडेल. कृपया उघडू नये.

सोबत : आधीच्या अर्जांच्या प्रती (रद्द समजाव्यात).
दिनांक : आदेशाचाच.

आपली नम्र,
(सही)
मुखपट्टी विभागातील शिवणारी,
टिटवीची