सहा सारखी ताटं

अण्णा, तुमच्या खानावळीतलं लांब टेबल मी माझ्या घरी आणलंय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि आज लिहायला बसले तीसुद्धा प्रेमानं नव्हे, हे आधीच सांगते. हायवे रुंद झाला तेव्हा खानावळ गेली. पत्रे, बाकडी भंगारवाल्यानं नेली, पण हे एक टेबल भावानं मुरूमला नेऊन गोठ्यात ठेवलं होतं, वर पेंडीची पोती रचून. मी मागितलं तर म्हणाला, "ने की. पोती काय, कुठंबी ठिवता येत्यात." लोखंडी पाय, वर काळी कडप्प्याची फरशी, आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तिथंच तुम्ही मुठीनं कांदा फोडायचात. उमरग्यात आमच्या दारात ते टेम्पोतून उतरवलं तेव्हा चार माणसं लागली, आणि आमचे हे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आता हाटेल काढतीस का काय?"

हॉटेल नव्हे, डायनिंग रूम, असं मी सांगितलं तर त्यांना आणखीनच हसू आलं. दोन खोल्या आणि स्वैपाकघर एवढ्या घरात डायनिंग रूम! हसू देत. मुलाचं लग्न ठरलंय, अण्णा. मुलगी सोलापूरची आहे. तिच्या आईवडलांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. त्यांच्याकडं जेवायची खोलीच वेगळी, वर काचेचं झुंबर, आणि खुर्च्यांच्या पाठी इतक्या उंच की मी त्यात दिसेनाशीच झाले. आता त्यांना आपल्याकडं बोलवायचं होतं. घरी आल्या आल्या मी पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन उचलून स्वैपाकघरात दारामागं नेऊन ठेवलं. सगळ्यांना वाटलं, मी व्याह्यांवर छाप पाडायला निघालेय. ह्यांनाही तसंच वाटलं आणि मी वाटू दिलं. खरं म्हणजे मला एकच गोष्ट बघायची होती. आई त्या टेबलाला बसून जेवताना बघायची होती. सगळ्यांबरोबर, पहिल्या वाढीला, गरम गरम, स्वतःच्या ताटात, आणि तेही तुमच्याच टेबलाला. बाकी सगळा खटाटोप एवढ्यासाठीच.

हात राखूनच करावं लागलं. ह्यांची कंडक्टरकी संपलीय, माझी ब्लाऊजची शिलाई कधी असते कधी नसते, त्यामुळं दुकानात जाऊन हे द्या, ते द्या म्हणायची सोय नव्हती. टेबलाची फरशी मी तारेच्या घासणीनं तीन दिवस घासली. तुमच्या रश्श्याचा तेलकट थर होता, अण्णा, नखानं खरवडावा लागला. मग खोबरेल चोळलं तशी अशी काळीभोर निघाली की मीच बघत राहिले. मंगल कार्यालयानं काढून टाकलेल्या चार लोखंडी खुर्च्या मिळाल्या, दोन घरातल्या प्लास्टिकच्या. ब्लाऊज बेतून उरलेले खणाचे तुकडे गाठोड्यात होते, ते जोडून सहाही खुर्च्यांना अभ्रे शिवले, म्हणजे प्लास्टिकची कुठली आणि लोखंडाची कुठली ते कळू नये. रंगाच्या दुकानात कुणीतरी परत केलेला जांभळट रंगाचा डबा पडून होता. त्यात एक भिंत झाली. भाकरीची जुनी दुरडी पालथी टांगून आत बल्ब लावला. खिडकीला सुती लुगड्याचा पडदा, तांदळाची खळ देऊन कडक केलेला. मधोमध तांब्यात ज्वारीची पाच कणसं. टेबलाचा एक पाय तेव्हाही आखूड होता, अजूनही आहे. तुम्ही त्याखाली विडीच्या बंडलाचा कागद घडी करून सारायचात, मी बटणांच्या डबीचा पुठ्ठा सारला. नवीन म्हणून विकत घेतली ती फक्त ताटं, सहा, सगळी एकसारखी. भांडीवाल्यानं विचारलं, नाव काय कोरू? म्हटलं, काहीच कोरू नका.

तुम्हाला बसा म्हणायला तीन भाषा येत होत्या. मराठी माणूस आला की "बसा पाहुणे, सावकाश जेवा." हैदराबादकडचा ट्रकवाला आला की "बैठो उस्ताद, गरम रोटी आ रही." आळंद-गुलबर्ग्याकडचा कुणी आला की "बर्री, कुंदर्री." तुमच्या तोंडात साखर होती, असं अजून म्हातारे ड्रायव्हर सांगतात. पण ती गरम भाकरी यायची कुठनं? मागच्या पत्र्याखालून, आईच्या चुलीवरनं. उन्हाळ्यात तिथं उभं राहवत नसे. ती सकाळपासून थापत बसायची आणि तुम्ही कधी मागं वळून "तू जेवलीस का गं" विचारलेलं मला तरी आठवत नाही. दुपार उलटली की आधी तुम्ही जेवायचात, आणि तुम्ही उठलात की त्याच खरकट्या ताटात ती वाढून घ्यायची. तेव्हा घरोघर बायका तशाच जेवायच्या, मग अण्णांना एकट्याला का बोल लावतेस, असं भाऊ म्हणतो. घरोघर होतं ते मलाही माहीत आहे. पण घरोघर माणसं दिवसभर परक्या लोकांना हात जोडून बसा बसा करत नव्हती ना! तुम्हाला येत होतं. म्हणून राग येतो.

तुम्हाला तो दिवस आठवत नसणार. मी चौथीत असेन. ट्रकवाल्यांचा संप होता, रस्ता मोकळा पडलेला, खानावळीत चिटपाखरू नाही. तुम्ही बाजारात गेला होतात. मी आईला ओढत पुढं आणलं, म्हटलं आज इथं बस, आज कोण बघतंय. ती नको नको म्हणत बसली. भाकरी, येसराची आमटी आणि कांदा. पदर सावरून ताठ बसलीय, पाय खाली टेकत नाहीयेत, आणि हसून मला विचारतेय, "कशी दिसते गं मी? गिऱ्हाईकावानी?" मी फडकं खांद्यावर टाकून तुमची नक्कल करतेय, "बसा पाहुणे, आणखी काय वाढू?" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. तेवढ्यात तुम्ही दारात. हातात भाजीची पिशवी. तुम्ही ओरडला नाहीत, तुम्ही कधीच ओरडायचा नाहीत. एवढंच म्हणालात, "ऊठ. ऊठ म्हटलं की उठायचं." तोंडातला घास तोंडात, हातातला हातात, अशी ती उठून मागं गेली. रस्त्यावर एक सायकलसुद्धा नव्हती, अण्णा. मग तुम्ही ओलं फडकं घेतलंत आणि ती बसली होती ती जागा पुसून काढलीत. टेबल नव्हे, बाकडं. ते फडकं मी आजतागायत विसरले नाही.

आणि तुम्ही वाईटच होता असं म्हणून मोकळं होता येत नाही, ते आणखी चिडवतं. दहावी पास झाले तेव्हा तुम्ही मला याच टेबलाला, गल्ल्यासमोर, बसवलंत. स्वतः वाढलंत. जिलेबी बाहेरनं मागवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतात, "आमची पोरगी पास झाली, फर्स्ट क्लास!" मी मान वर करून जेवत होते. आई मधल्या दारात उभी होती, हाताला पीठ, आणि माझ्याकडं बघून हसत होती. मी तिला हाक मारली नाही. मारली असती तर तुम्ही त्या दिवशी कदाचित नाही म्हणाला नसतात. मी जिलेबी खात राहिले.

तर रविवारी दुपारी व्याही-विहीण आले. आईला भावानं आदल्या दिवशीच आणून सोडलं होतं. खोली बघून तिनं नुसता टेबलाच्या टवक्यावरनं हात फिरवला. विहीणबाई मात्र खुर्चीचा अभ्रा हातात घेऊन म्हणाल्या, "अय्या, खणाचा! कुठून घेतलात?" मी शिवलाय म्हटल्यावर त्यांना खरं वाटेना. दुरडीच्या दिव्याकडं व्याही दोनदा बघून म्हणाले, "आमचं झुंबर फुकट गेलं म्हणायचं." आमचे हे फुशारून गेले, म्हणजे मी घासत होते तेव्हा हाटेल हाटेल करून चिडवणारे हेच. सगळं टेबलावरच मांडलं होतं, भाकरी, धपाटे, येसराची आमटी, दही, शेंगाची चटणी, गोडाला गव्हाची हुग्गी. वाढायला कुणी उभं राहू नये म्हणून मुद्दाम. सहा खुर्च्या, सहा ताटं. ते दोघं, आम्ही दोघं, मुलगा, आणि टवक्याच्या बाजूला आई.

सगळे बसले आणि आई उभीच. मी म्हटलं, आई, बस. "बसा तुमी. म्या मागनं जेवते." बस ना गं. "माझं काय, म्या काय पळून चाललेय व्हय?" विहीणबाईंनीही आग्रह केला, तर त्यांना म्हणाली, "तुमी पाहुणे हायसा, तुमी घ्या." आणि स्वैपाकघरात जाऊन आपल्या पिशवीतनं ताट काढून घेऊन आली. तुमचं ताट, अण्णा. काठ चेपलेलं पितळी, कडेला तुमचं नाव कोरलेलं. बावीस वर्षं ती त्यातच जेवतेय, हे मला माहीत होतं, पण माझ्या घरी येताना ते बरोबर घेऊन येईल असं वाटलं नव्हतं. ते छातीशी धरून ती स्वैपाकघराच्या दारात उभी राहिली, नेमकी त्या जिलेबीच्या दिवशीसारखी, आणि म्हणाली, "मला ह्यातच ग्वाड लागतं. खाली बसून जेवते म्या." टेबलावर तिचं नवं ताट मोकळं. व्याही त्या मोकळ्या ताटाकडं बघायला लागले. मी तीन दिवस तुमचा थर खरवडला, तो ह्यासाठी? माझं डोकंच फिरलं. मी ओरडले नाही. खालच्या आवाजात म्हणाले, "ठेव ते ताट. बस म्हटलं की बसायचं."

आई बसली.

एका क्षणात बसली. ताट भिंतीशी टेकवून ठेवलं, पदर सावरला, आणि टेबलाशी येऊन बसली. मान खाली. जेवण चांगलं झालं, सगळे हसलेखेळले, मुलानं आजीला हुग्गी घेतेस का म्हणून दोनदा विचारलं, तिनं दोन्ही वेळा मानेनं नाही सांगितलं. एक भाकरी खाल्ली तिनं. काही मागितलं नाही. सगळ्यांचं होईपर्यंत हात ताटात ठेवून बसून राहिली, मी ऊठ म्हणेपर्यंत. मी ते म्हणाले, अण्णा. "झालं असेल तर ऊठ," असं मी म्हणाले, आणि ती उठली.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होते आणि ती पुसत होती. मला वाटलं ती रुसली असेल, रडेल, काहीतरी बोलेल. ती सहा ताटं पुसून एकावर एक ठेवत म्हणाली, "आज अगदी तुझ्या अण्णावानी बोललीस बघ." तक्रार नव्हती हो त्यात. उलट थोडं हसलीच. जुनं माणूस खूप दिवसांनी भेटावं तशी. मी तिकडं पाठ करून नळ मोठा सोडला.

आई परत मुरूमला गेली. तुमचं ताट घेऊन गेली. टेबल इथंच आहे, ह्यांना त्यावर पेपर वाचायला आवडतं, आणि मला नव्या सुनेसाठी ही खोली अशीच ठेवायची आहे. ती आल्यावर माझ्या तोंडून काय काय निघेल याची मला आता भीती वाटते. बटणांच्या डबीचा पुठ्ठा दबलाय, टेबल पुन्हा डुगडुगतंय. हे पत्र पाठवायला तुमचा काही पत्ता नाही, आणि घरात कुणाच्या हाती लागायला नको. घडी करून त्या पायाखालीच सारते, जाडी बरोबर बसेल. आणखी एक राहिलं, ते आईलाही सांगितलेलं नाही. मी खालच्या आवाजात बस म्हटलं आणि ती लगेच बसली ना, तेव्हा क्षणभर मला फार बरं वाटलं होतं.