खुर्ची, ठमी आणि माझं नाक

२ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या सवयी अंगी बाणवायला हव्यात. वीस तारखेला कंपनीच्या नव्या अ‍ॅलर्जीच्या गोळीचं लाँच. भाषण माझं. त्यानंतर ट्रेनिंग विभाग माझ्याकडे येणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांनी अजून सांगितलं नाही इतकंच.
अडचण एकच. शिंका. आज उठल्यापासून चौदा. उपाय : आपलीच गोळी रोज घेणे, आणि मूळ कारण घराबाहेर काढणे. मूळ कारण यावेळी माझ्या आरामखुर्चीत अंग चाटत बसलं आहे.

४ मार्च
जेवताना घरच्यांना विषय सोपा करून सांगितला. शरीरात पेशींवर रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे खुर्ची. हिस्टामिन नावाचं रसायन आलं आणि एच-वन नावाच्या खुर्चीत बसलं, की नाक गळतं, डोळे खाजतात. आपली गोळी आधी जाऊन ती खुर्ची पकडते. हिस्टामिन उभंच. सासरे म्हणाले, "मग तुम्ही उभे का? ठमीला हलवा आणि बसा की." ही तोंडाला पदर लावून हसली. विज्ञानाची या घरात किंमत नाही.
ठमी म्हणजे मांजर. मूळची सासूबाईंची. त्या गेल्यापासून सासरे तिच्याशी बोलतात. माझ्याशी बोलतात त्यापेक्षा जास्त.

८ मार्च
अ‍ॅलर्जीची टेस्ट. हातावर ओळीने थेंब टाकतात, सुई टोचतात, पंधरा मिनिटं बघतात कुठे पित्तासारखी गांधी उठते. एक थेंब नुसत्या हिस्टामिनचा. तिथे गांधी उठायलाच हवी, म्हणजे टेस्ट चालू आहे हे कळतं. माझ्या हातावर कुठेच काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी घेतलीत ना? आठ दिवस बंद ठेवा म्हणून चिठ्ठीवर लिहिलं होतं. तुम्ही तर याच धंद्यातले!" टेस्ट रद्द.
मी मात्र खूश. खुर्च्या सगळ्या भरलेल्या! आपल्या गोळीला याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं?
घरी सांगितलं, टेस्टमध्ये मांजर निघालं. तपशिलात शिरलो नाही. आठवडाभराने तेच निघणार होतं.

९ मार्च
ठमीला कंपनीच्या गोदामात पोचवलं. सॅम्पलच्या खोक्याला भोकं पाडून. सासऱ्यांनी आत सासूबाईंची शाल अंथरली. म्हणाले, "महिनाभरच ना, जावईबापू?" मी म्हटलं, अर्थात. रखवालदाराला उंदरांसाठी मांजर हवंच होतं. एका दगडात दोन पक्षी.
संध्याकाळी खुर्चीत दोन तास मनसोक्त बसलो. शिंका : एकोणीस. केस उरले असणार.

११ मार्च
सासरे रोज सकाळी डबा देतात. ठमीसाठी उकडलेला मासा. हात थरथरतात तरी काटे स्वतः काढतात, पाऊण तास लागतो. मला उशीर होतो. गोदाम ऑफिसच्या मागेच असल्याने नाही म्हणता आलं नाही. तिथे डबा उघडला की ठमी शटरपासून धावत येते.

१३ मार्च
रखवालदार म्हणाला, मांजर परवाच भिंत ओलांडून गेलं. म्हटलं, शोध. तो म्हणाला, "साहेब, मी गोदाम सांभाळू का मांजर?"
घरी आत्ता सांगण्यात अर्थ नाही. लाँचआधी घरात रडारड नको. एकवीस तारखेला शांतपणे सांगायचं. ठरलं.

१६ मार्च
डबा ऑफिसच्या कचऱ्यात रिकामा करतो. आज वाया घालवणं जिवावर आलं, मीच खाल्ला. मीठ नव्हतं. डबा धुऊन परत नेला. सासऱ्यांनी विचारलं, "खाल्लं का?" म्हटलं, चाटूनपुसून. इतके खूश झाले, की खोटं बोलणं हाही एक प्रकारे औषधोपचारच, असं वाटलं.
शिंका : सव्वीस. हल्ली खुर्चीतच झोपतो, भाषण पाठ करता करता.

१९ मार्च
आपली गोळी थोडी कमी पडते आहे. हे बाहेर बोलायचं नाही. सासऱ्यांच्या औषधांत सर्दीची जुन्या पद्धतीची पिवळी गोळी सापडली. ती मेंदूतही शिरते आणि तिथल्या खुर्च्याही पकडते. हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं, त्याची तिथली खुर्ची गेली की झोप येते. पण हे सामान्यांसाठी. माझी इच्छाशक्ती वेगळी आहे. उद्या दोन घेणार.

२० मार्च
लाँच. सुरुवात झकास. "आमच्या गोळीने झोप? मुळीच नाही!" इथपर्यंत आठवतं.
पुढचं ऑफिसातल्या एका सहकारी बाईंकडून कळलं. त्यांना आम्ही चष्मेवाली म्हणतो. माईकवर सहा मिनिटं माझं घोरणं ऐकू आलं. आधी समोर बसलेल्या डॉक्टरांना तो भाषणाचा भाग वाटला. उरलेलं भाषण त्यांनीच केलं. टाळ्या पडल्या म्हणे. तयारी माझी होती.

२१ मार्च
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, घरी बसा. स्वतः गोळ्या खाणं बंद करा, नीट टेस्ट करा आणि रिपोर्ट आणा, मग बघू. प्रकृतीची एवढी काळजी त्यांनी आजवर कुणाची केलेली पाहिली नाही.
ठमीचं आज सांगणार होतो. पण सकाळीच सासऱ्यांनी डबा भरून ठेवला होता. घेऊन निघालो, साहेबांकडून सुटल्यावर बागेत बसून खाल्ला.

२९ मार्च
टेस्ट. आठ दिवस गोळी नाही. हिस्टामिनच्या थेंबावर टरारून गांधी. आणखी एका थेंबावर तर बटाट्याएवढी. ठमे, सापडलीस!

३१ मार्च
रिपोर्ट घरी आला. हिने फोडला आणि मोठ्याने वाचला. मांजर : काही नाही. धुळीतले किडे, जुन्या गाद्यागिरद्यांत असतात ते : अतितीव्र. हिने खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मग पहिल्या वेळी काय निघालं होतं?"
मी गांधीचं शास्त्र समजावू लागलो. तोवर सासरे बूट घालून दारात. म्हणाले, "चला, माझ्या ठमीला आणू." सॅम्पलचं दुसरं रिकामं खोकं काखेत. मग मात्र सांगावं लागलं, अकरा तारखेपासून ती नाही म्हणून.
ही खूप काही बोलली. ते मनाला लावून घेणार नाही. सासरे खोकं मांडीवर घेऊन बसले. बूट काढायलाही विसरले. एवढंच विचारलं, "मग डबा कोण संपवत होतं?"

२ एप्रिल
ही आणि सासरे, दोघं मेहुण्याकडे गेले. जाताना गोदामाच्या आजूबाजूला हाका मारून गेले, असं रखवालदार म्हणाला. तास दीड तास. ट्रेनिंग विभाग चष्मेवालीकडे गेला.
संकल्प : खुर्ची टाकून देणे. उद्यापासून. आज बसायला दुसरं काही नाही.
शिंका : एकतीस. डबा ओट्यावर पालथा घातलेला आहे.